अक्षर, चित्र आणि सचोटी : भिलाईतील अल्पसंख्याक तरुण डिझायनरांची व्यावसायिक नीतिमत्ता

वकिलाने अशिलाचा विश्वासघात केला, तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार वकील परिषदेकडे दाद मागता येते. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्याखाली १९८९ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे विनियम तयार झाले. सनदी लेखापालांची संस्था १९४९ पासून आपल्या सदस्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवते. ग्राफिक डिझायनरच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही वैधानिक परिषद आपल्या देशात नाही. या व्यवसायात येण्यासाठी परवाना लागत नाही, शपथ घ्यावी लागत नाही आणि गैरवर्तनाबद्दल कोणाचे नाव नोंदवहीतून काढून टाकले जात नाही. संगणक, आरेखनाची आज्ञावली आणि थोडेफार कौशल्य एवढ्या भांडवलावर अठरा-वीस वर्षांचा तरुण हा व्यवसाय सुरू करू शकतो.

व्यवसायाचे हे खुलेपण हीच त्याची मोठी सामाजिक शक्ती आहे. ज्यांच्याकडे जमीन नाही, वडिलोपार्जित पेढी नाही आणि नोकरीसाठी शिफारस करणारे कोणी नाही, अशा कुटुंबांतील मुलांना येथे प्रवेश मिळतो. त्याचबरोबर नियामक यंत्रणेच्या अभावी योग्य-अयोग्य ठरविण्याचा संपूर्ण भार त्या तरुणाच्या एकट्याच्या खांद्यावर येतो. तो तरुण धार्मिक अल्पसंख्याक समुदायातील असेल, तर हा भार अधिक गुंतागुंतीचा होतो. प्रस्तुत लेखात छत्तीसगढमधील भिलाई या औद्योगिक नगराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. सार्वजनिक प्रशासनापलीकडच्या एका छोट्या व्यवसायातही तीच तत्त्वे कशी कसाला लागतात, हे अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे.

पोलादनगरीतील नवा व्यवसाय

भिलाई पोलाद प्रकल्पासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा प्रमुख प्रकल्प म्हणून भिलाईची ओळख आहे. या प्रकल्पासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. केरळचे ख्रिस्ती, पंजाबचे शीख, उत्तर प्रदेश व बिहारमधील मुस्लीम, विदर्भातून आलेली मराठी भाषक बौद्ध कुटुंबे, आंध्र, ओडिशा व बंगालमधील कामगार एकाच सेक्टरमध्ये शेजारी झाले. भिलाईला ‘लघुभारत’ म्हटले जाते ते याच कारणाने. राजनांदगावमार्गे गोंदिया व नागपूरशी असलेल्या रेल्वेसंबंधामुळे मराठी भाषकांचे या भागाशी नाते जुने आहे.

पहिल्या पिढीला कारखान्यात कायम नोकरी मिळाली. पुढील पिढ्यांसाठी ती वाट अरुंद होत गेली. आधुनिकीकरणाबरोबर उत्पादन वाढले, परंतु कायम कामगारांची संख्या घटली. शिक्षण, संगणक आणि सेवा या क्षेत्रांकडे तरुण वळले. १९८६ मध्ये दुर्ग येथे भिलाई तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. २००५ मध्ये छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आणि २०१६ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था, भिलाई स्थापन झाली. खैरागढ येथील १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय दृश्यकलांचे शिक्षण देते. तथापि सुपेला, पॉवर हाउस, सिव्हिक सेंटर यांसारख्या बाजारपेठांतील छपाई आणि फ्लेक्सच्या दुकानांना लागणारा कारागीर बहुधा या मोठ्या संस्थांमधून येत नाही. तो लहान प्रशिक्षण वर्गातून किंवा थेट दुकानात काम करता करता शिकतो. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, शिकवणी वर्गांची पत्रके, सणांचे फलक, निवडणुकीची भित्तिपत्रके आणि आता समाजमाध्यमांवरील जाहिराती ही त्याची रोजची कामे.

अल्पसंख्याक आणि उपयोजित कला

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम, १९९२ अन्वये मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व पारशी हे समुदाय १९९३ मध्ये अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाले. जानेवारी २०१४ मध्ये जैन समुदायाचा त्यात समावेश झाला. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगढच्या सुमारे २ कोटी ५५ लाख लोकसंख्येत मुस्लीम २.०२ टक्के, ख्रिस्ती १.९२ टक्के, बौद्ध ०.२८ टक्के, शीख ०.२७ टक्के आणि जैन ०.२४ टक्के होते. म्हणजेच या पाच समुदायांची एकत्रित संख्या पाच टक्क्यांहूनही कमी आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की येथील अल्पसंख्याक डिझायनरचे बहुसंख्य ग्राहक अन्य समुदायांचे असतात. केवळ आपल्या समाजाच्या कामावर त्याचे दुकान चालू शकत नाही. परस्परविश्वास हेच त्याचे खेळते भांडवल होय.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालात मुस्लीम समाजात स्वयंरोजगारावर अवलंबून असणाऱ्यांचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे दाखवून दिले होते. छपाईच्या क्षेत्रात या समाजाची परंपराही जुनी आहे. उर्दू मजकूर नस्तालिक वळणात हाताने लिहिणारे कातिब हे वृत्तपत्रे आणि पुस्तक-व्यवसायाचा कणा होते. १९८० च्या दशकात नूरी नस्तालिक हे संगणकीय अक्षरवळण आले आणि १९९४ मध्ये भारतात ‘इनपेज’ ही आज्ञावली तयार झाली. कातिबांचा व्यवसाय काही वर्षांतच संकुचित झाला आणि त्यांच्या घरातील पुढची पिढी अक्षरजुळणीकडे वळली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने सुलेखन व ग्राफिक डिझाइन, तसेच बहुभाषिक अक्षरजुळणीचे अभ्यासक्रम चालविले, ते याच संक्रमणाला दिशा देण्यासाठी.

भारतीय जाहिरातकलेची सर्वाधिक परिचित चिन्हे विविध समुदायांच्या सहकार्यातून जन्माला आली आहेत, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. एअर इंडियाचा ‘महाराजा’ १९४६ मध्ये पारशी समाजातील बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मिळून घडविला. १९६६ मध्ये अवतरलेली अमूलची ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी ही सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस या ख्रिस्ती कलावंतांची निर्मिती. आणंदच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चेहरा त्यांनी घडविला, तेव्हा त्यांचा धर्म कोणी विचारला नाही. उपयोजित कलेचा हा सर्वसमावेशक वारसा आहे. भिलाईच्या बाजारपेठेतील तरुण डिझायनर त्याच वारशाचा लहानसा वाटेकरी आहे.

सत्य लहान अक्षरांत लपवावे काय?

व्यावसायिक नीतिमत्तेचा पहिला आधार सत्य हा आहे. भिलाई हे प्रवेश परीक्षांच्या तयारीचे राज्यातील महत्त्वाचे केंद्र असल्याने शिकवणी वर्गांच्या जाहिराती हे येथील डिझायनरांचे नेहमीचे काम. समजा, एका वर्गचालकाने बारा यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणून दिली. त्यांपैकी नऊ जणांनी त्या वर्गात केवळ सराव चाचण्या दिल्या होत्या. ‘आमचे बारा विद्यार्थी’ हे शब्द ठळक छापावेत आणि ‘विविध अभ्यासक्रमांतील’ हा खुलासा तळाशी बारीक अक्षरांत टाकावा, अशी त्याची सूचना आहे. पत्रकातील एकही शब्द खोटा नाही. तरीही संपूर्ण पत्रक खोटे बोलते, आणि ते खोटे घडते अक्षरांच्या आकारातून. म्हणजेच ते डिझायनरच्या हातून घडते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणे हाही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रकार मानला आहे. २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी जाहिरात संस्थांनाही आपल्या कक्षेत आणले. उत्पादकाला किंवा जाहिरातीतून शिफारस करणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराच्या लेखी संमतीविना त्याचे नाव वा छायाचित्र वापरता येत नाही आणि ही संमती त्याच्या निवडीनंतरच घ्यावी लागते. त्याने कोणता अभ्यासक्रम केला होता हे छायाचित्रासोबतच सांगावे लागते. खुलाशाची अक्षरे मुख्य दाव्याच्या अक्षरांएवढीच असावीत, हा त्यातील दंडक तर थेट मांडणीशी निगडित आहे. या लेखाचे वाचक असलेल्या परीक्षार्थींना या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको. अनेक कुटुंबे अशाच एखाद्या पत्रकावर विश्वास ठेवून वर्षभराची बचत शुल्कापोटी भरतात.

सत्याचीच ही कसोटी अन्यत्रही लागू होते. चमत्कारिक औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या अधिनियमाने निर्बंध घातले. गर्भलिंग निदानाच्या जाहिरातींना १९९४ च्या अधिनियमातील कलम २२ ने मनाई केली असून अशा जाहिरातीचे मुद्रण वा प्रसिद्धी करणाराही शिक्षेस पात्र ठरतो. भिलाईसारख्या औद्योगिक नगरात तर काही फलक थेट जिवाशी संबंधित असतात. जून २०१४ मध्ये पोलाद प्रकल्पातील वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला होता. अशा परिसरात धोक्याची सूचना देणाऱ्या फलकाचा रंग, आकार आणि चिन्ह भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. ९४५७ या प्रमाणकानुसारच असले पाहिजे. तेथे डिझायनरच्या आवडीनिवडीला वाव नाही.

खोटा दाखला आणि ‘थोडीशी मदत’

बाजारपेठेतील संगणकचालकापुढे सर्वाधिक वेळा उभा राहणारा नैतिक प्रसंग मोठ्या जाहिरातीचा नसतो. गुणपत्रिकेवरील एक आकडा बदलून देणे, जन्मतारीख पुढेमागे करणे, जुन्या दाखल्यावर नवे नाव बसविणे, अशी ती लहानशी विनंती असते. विनंती करणारा बहुधा ओळखीचा असतो, गरजू असतो आणि ‘एवढी मदत कर’ एवढेच त्याचे म्हणणे असते. चित्रसंपादनाच्या दृष्टीने ते पाच मिनिटांचे काम आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बनावट दस्तऐवज तयार करणे होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ मध्ये मतदार ओळखपत्र व आधारपत्र यांचा स्पष्ट उल्लेख असून त्यांच्या बनावटीसाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

येथे करुणा आणि न्याय या दोन मूल्यांचा संघर्ष दिसतो. परंतु नीट पाहिले असता हा संघर्ष वरवरचा आहे. बदललेल्या गुणपत्रिकेने ज्याची जागा जाते तो उमेदवारही गरजूच असतो. फक्त तो दुकानात समोर उभा नसतो. अनुपस्थित व्यक्तीच्या हिताचा विचार करणे हे व्यावसायिक नीतिमत्तेचे मर्म आहे. गरजू माणसाला दाखल्यातील चूक दुरुस्त करण्याचा रीतसर अर्ज भरून देणे ही खरी मदत. तिच्यात कौशल्यही लागते आणि कोणाचे नुकसानही होत नाही.

उसने अक्षर, उसने चित्र

दुसऱ्याच्या निर्मितीचा आदर हा या व्यवसायाचा तिसरा आधारस्तंभ. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये रेखाचित्र, बोधचिन्ह, छायाचित्र या कलाकृती असून त्यांना निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. आंतरजालावर सहज सापडले म्हणून चित्र कोणाचेच नाही, असे होत नाही. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसल्यास, कलम १७ नुसार मालकाकडे जाते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरने ग्राहकासाठी केलेल्या बोधचिन्हाची गोष्ट वेगळी आहे. तेथे हक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह झाले पाहिजे. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते, असे कलम १९ सांगते. हे ठाऊक नसल्यामुळे एकीकडे डिझायनरची फसवणूक होते, तर दुसरीकडे तेच बोधचिन्ह किंचित बदलून दुसऱ्या ग्राहकाला विकले जाते.

कलम ५७ निर्मात्याला नैतिक हक्क देते. आपले कर्तृत्व मान्य करून घेण्याचा आणि कृतीचे मानहानिकारक विद्रूपीकरण रोखण्याचा हा हक्क आहे. अमरनाथ सेहगल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या संदर्भात या हक्काला बळ दिले आणि शिल्पकाराला पाच लाख रुपये भरपाई देवविली. ज्याला स्वतःसाठी हा हक्क हवा आहे, त्याने तो इतरांच्या बाबतीतही मानला पाहिजे.

लहान दुकानांतील अधिक अवघड प्रश्न चोरट्या आज्ञावल्यांचा आहे. कलम ६३ ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आज्ञावल्यांचे वार्षिक शुल्क नवशिक्याला परवडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु पर्याय नाही असे आज म्हणता येत नाही. गिम्प (१९९६), इंकस्केप (२००३) आणि स्क्रायबस यांसारख्या मुक्त आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. देवनागरीतील मुक्ता, बालू आदी अक्षरसंच मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. त्यांचा सराव प्रशिक्षण काळातच झाला, तर चोरीची सवयच लागणार नाही.

द्वेषाचा फलक आणि निवडणुकीचा हंगाम

निवडणूक हा छपाई व्यवसायाचा सुगीचा काळ. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७ अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असणे बंधनकारक आहे. प्रकाशकाकडून दोन परिचित व्यक्तींनी साक्षांकित केलेले घोषणापत्र मुद्रकाने घेतले पाहिजे. निनावी पत्रक म्हणजे उत्तरदायित्व नाकारणारे पत्रक. हा नियम लोकशाहीतील पारदर्शकतेचे उत्तम उदाहरण आहे.

एखाद्या धर्मसमुदायाविरुद्ध वैरभाव पसरविणारा मजकूर आला तर? भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ वैमनस्य वाढविणाऱ्या कृत्यांना आणि कलम २९९ धार्मिक भावना हेतुतः दुखावण्याला शिक्षा सांगते. संविधानाच्या अनुच्छेद ५१ अ (ङ) ने बंधुभाव वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. त्यामुळे असे काम नाकारणे हा डिझायनरचा अधिकार तर आहेच, शिवाय ते त्याचे कर्तव्यही आहे. खरी कसोटी लागते ती मजकूर आपल्याच समाजातील कोणी आणला असेल आणि त्याचा रोख दुसऱ्या समाजाकडे असेल तेव्हा. दुसऱ्याने आपल्याविरुद्ध केलेला द्वेष ओळखणे सोपे असते. आपल्यातून निघालेला द्वेष ओळखणे कठीण.

यातून परस्परतेची एक साधी कसोटी पुढे येते. मजकुरातील समुदायांची नावे अदलाबदल करून वाचावीत. नावे बदलल्यावर जो मजकूर आपल्याला अपमानास्पद वाटेल, तो मुळातही छापण्यायोग्य नाही.

कामाला नकार, माणसाला नव्हे

अल्पसंख्याक तरुणांपुढे आणखी एक सूक्ष्म प्रश्न येतो. एखादे काम कायद्याने योग्य असूनही वैयक्तिक श्रद्धेशी जुळत नसेल, तर काय करावे? मुस्लीम डिझायनरने गणेशोत्सवाचा फलक करावा काय? जैन डिझायनरने मांसविक्रीच्या दुकानाची पाटी रंगवावी काय? बौद्ध तरुणाने होमहवनाची निमंत्रणपत्रिका सजवावी काय?

अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. अनुच्छेद १९ (१) (छ) ने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याचवेळी अनुच्छेद १५ (२) अन्वये धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारे कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. या तरतुदींचा एकत्र विचार केल्यास एक व्यवहार्य भेद हाती लागतो. विशिष्ट प्रकारचे काम न करण्याचा नियम डिझायनर स्वतःसाठी करू शकतो. विशिष्ट प्रकारच्या माणसाला नाकारण्याचा नियम तो करू शकत नाही. मद्याची जाहिरात करणार नाही असे ठरविणारा ती स्वधर्मीय मालकाचीही करणार नाही, तरच तो नियम तत्त्वनिष्ठ ठरतो. असा नियम आधीच सांगावा, सर्वांना सारखा लावावा आणि ग्राहकाला दुसरा कारागीर सुचवावा.

प्रत्यक्षात भिलाईसारख्या संमिश्र नगरात बहुतेकांनी याचे उत्तर शांतपणे शोधलेले असते. परधर्माच्या सणाचा फलक करणे म्हणजे त्या धर्माचा स्वीकार नव्हे. ती शेजाऱ्याच्या आनंदाला दिलेली व्यावसायिक साथ असते. मात्र त्यासाठी त्या परंपरेची किमान माहिती हवी. पवित्र वचने पायदळी जातील अशा जागी छापू नयेत, देवता, गुरू वा महापुरुषांच्या प्रतिमांवर मजकूर चढवू नये, १४ एप्रिलच्या फलकावरील निळ्या रंगाचा अर्थ जाणून घ्यावा, ही काळजी म्हणजेच व्यावसायिक नैपुण्य होय. माहिती नसेल तेथे ग्राहकाला विचारण्यात कमीपणा नाही.

दुहेरी ओझे

बहुसंख्य समाजातील एखाद्या डिझायनरने चूक केली तर ती त्या व्यक्तीची चूक समजली जाते. अल्पसंख्याक तरुणाच्या हातून तीच चूक घडली तर ती त्याच्या समाजाच्या नावावर लिहिली जाण्याचा धोका असतो. नकाशातील एखादी रेषा चुकली, राष्ट्रध्वजातील रंगांचा क्रम उलटा लागला, देवतेचे चित्र कडेला कापले गेले, तर अनवधानाऐवजी हेतूची चर्चा सुरू होते. या भीतीपोटी अनेक तरुण चूक दाखवून देण्याचे किंवा गैर मागणीला नकार देण्याचे टाळतात. नकार दिला तर ‘हा आपल्या समाजाचा विचार करतो’ असे ऐकावे लागेल, ही चिंता त्यांना असते.

नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. व्यावसायिक नीतिमत्ता सर्वांसाठी समान असते. अल्पसंख्याकाकडून तिची अधिक मात्रा मागणे हाच अन्याय आहे. सचोटी ही निष्ठा सिद्ध करण्याची परीक्षा नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की समाज पूर्वग्रह सोडेपर्यंत त्या तरुणाने असुरक्षित राहावे असेही नाही. कार्यपद्धती हीच त्याची ढाल होऊ शकते. प्रत्येक कामाची लेखी मागणी घेणे, अंतिम प्रतीवर ग्राहकाची स्वाक्षरी घेणे, ग्राहकाने दिलेला मूळ मजकूर जपून ठेवणे, राष्ट्रध्वज व राजमुद्रा यांसारख्या चिन्हांबाबत अधिकृत नमुनाच वापरणे, या सवयींमुळे वाद झाल्यास हेतूची चर्चा थांबून नोंदींची चर्चा सुरू होते. राजमुद्रेच्या गैरवापरास २००५ च्या अधिनियमाने प्रतिबंध केलेला आहे, हे तर ओळखपत्रे व भेटपत्रे छापणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे.

पोट आणि तत्त्व

रिकाम्या खिशाला तत्त्व परवडत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ती निराधार नाही. महिनोन्महिने थकलेली देणी आणि एकमेकांचे दर पाडणारी स्पर्धा यांमुळे गैर काम नाकारण्याची ताकद कमी होते. म्हणून नीतिमत्तेचा प्रश्न आर्थिक सुरक्षिततेपासून तोडता येत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे करारात मुदत असली तरी कमाल ४५ दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. मुद्रा योजनेतून २०१५ पासून लहान व्यवसायांना तारणाशिवाय कर्ज मिळते. १९९४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ अल्पसंख्याकांतील दुर्बल घटकांना सवलतीचे अर्थसाहाय्य देते. ‘सीखो और कमाओ’ (२०१३), ‘उस्ताद’ व ‘नई मंझिल’ (२०१५) या कौशल्य योजना आता ‘पीएम विकास’ या एकत्रित योजनेत समाविष्ट झाल्या आहेत.

या योजनांखालील प्रशिक्षणात आज्ञावली शिकविली जाते. तिच्या जोडीला प्रतिलिप्यधिकार, ग्राहक संरक्षण आणि करारलेखन यांचे काही तास आवश्यक आहेत. ८ फेब्रुवारी २००७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय डिझाइन धोरणाला मान्यता दिली आणि २००९ मध्ये भारतीय डिझाइन परिषद स्थापन झाली. या प्रयत्नांचा लाभ नामांकित संस्थांच्या पलीकडे, बाजारपेठेतील कारागिरापर्यंत पोहोचणे हे पुढचे पाऊल ठरेल. स्थानिक मुद्रकांच्या संघटनांनी आपली साधी आचारसंहिता तयार करून दुकानात लावली, तर एकट्या पडलेल्या तरुणाला ‘हे आमच्याकडे कोणीच करत नाही’ असे सांगता येईल. सामूहिक नियम व्यक्तीला धैर्य देतो.

पर्यावरणाची जबाबदारीही याच सूचीत येते. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनहून कमी जाडीच्या प्लास्टिक वा पीव्हीसी फलकांवर देशभर बंदी आहे. ग्राहकाला ती सांगणे आणि कापडाचा पर्याय सुचविणे हे डिझायनरचे काम आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे आव्हान

अलीकडच्या काळात चित्रनिर्मिती करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हे प्रश्न अधिक टोकदार केले आहेत. संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता तिची निर्मिती घडवून आणणारी व्यक्ती असते, अशी तरतूद भारतीय कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली होती. परंतु आजची साधने तेव्हा कल्पनेतही नव्हती. ६ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांना बनावट ध्वनिचित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढून टाकण्याचे निर्देश दिले. तंत्र कोणतेही असो, तत्त्व बदलत नाही. जिवंत व्यक्तीच्या तोंडी तिने न उच्चारलेले शब्द घालू नयेत आणि साधनाचा वापर ग्राहकापासून लपवू नये.

समारोप

ग्राफिक डिझायनरला सनद देणारी परिषद उद्या स्थापन होईल किंवा होणार नाही. परंतु त्याच्या कामाचा परिणाम त्यासाठी थांबत नाही. फलक वाचून पालक शिकवणी वर्ग निवडतात, पत्रक वाचून मतदार मत बनवितो, कारखान्यातील चिन्ह पाहून कामगार पाऊल मागे घेतो. वाचणारा आणि डिझायनर यांची भेट कधीच होत नाही. त्यांच्यातील विश्वास मात्र रोज पणाला लागतो. भिलाईच्या अल्पसंख्याक तरुणांना या व्यवसायाने प्रतिष्ठेची उपजीविका दिली आहे. ती टिकविण्यासाठी त्यांनी सचोटी, लेखी व्यवहार आणि सर्वांना समान नियम यांची कास धरावी आणि समाजाने त्यांच्याकडे त्यांच्या कामावरून पाहावे, ही अपेक्षा संविधानाच्या प्रास्ताविकेतील समानता व बंधुता या मूल्यांशी सुसंगत आहे. सर्वसमावेशक विकासाची खूण आकडेवारीत दिसते, तशीच ती बाजारपेठेतील एखाद्या लहान दुकानातही दिसते. तेथे काम घेऊन येणाऱ्याचे नाव विचारले जाते ते केवळ पावतीवर लिहिण्यासाठी.